गोष्ट मोडून शिकवा: सातवी ते नववीच्या वर्गात कथेचे घटक

कथेचे घटक किती, असं आठवीतल्या मुलाला विचारा. तो सहा म्हणून सांगेल आणि नावंही घडाघडा म्हणून दाखवेल: कथानक, पात्रं, वातावरण, संघर्ष, संवाद, भाषा. त्याच मुलाला गोष्ट लिहायला द्या. 'एका गावात एक शेतकरी राहत होता' इथून सुरुवात होते आणि 'तात्पर्य' लिहून, खाली रेघ मारून तो मोकळा होतो. मधल्या सहांपैकी एकही कामाला आलेला नसतो.

सायकलची चेन निसटली की चेन कशासाठी असते ते कळतं. कथेच्या घटकांचंही तसंच आहे. घटक गोष्टीतून काढून घेतला की तो काय काम करत होता ते दिसतं. म्हणून बेळगावकडच्या मराठी वर्गांसाठी इथं दिलेली पद्धत एकच आहे. एक लहान, धड गोष्ट घ्यायची, तिचा एकेक भाग काढायचा, गोष्ट कुठं लंगडते ते मुलांना शोधायला लावायचं. मग त्या भागाचं नाव फळ्यावर लिहायचं. नाव शेवटी, ही अट पाळा. पहिल्याच दिवशी सहा नावं फळ्यावर लिहिली की मुलं गोष्ट वाचणं सोडून नावं उतरवून घेतात.

'गोष्ट' हा शब्द वापरायला संकोच नको. हरिभाऊ आपटे यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या 'करमणूक' साप्ताहिकातल्या कथांना 'स्फुट गोष्टी' असंच नाव होतं. 'लघुकथा' हा शब्द पेपरात लागेल तेव्हा लागेल.

वेळ आणि सामान

चाळीस मिनिटांच्या नऊ तासिका धरा: पाच गोष्ट मोडायला, तीन लिहायला, एक वाचून दाखवायला. दसऱ्याची सुट्टी संपून शाळा भरली की लगेच सुरू केलेलं बरं. दिवाळी तोंडावर असते, परतीचा पाऊस अधूनमधून हजेरी लावतो आणि खाली दिलेली गोष्ट नेमकी त्याच दिवसांतली आहे.

सामान थोडं लागतं. गोष्टीची प्रत दोघांत एक. जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांची पोस्टकार्डाएवढी कार्डं, दर गटाला आठ आणि दोन कोरी. गट चौघांचा, पाचवा आला की एकजण खिडकीबाहेर बघत बसतो. पहिली ते तिसरी नली-कलीत (कर्नाटकातल्या सरकारी शाळांची कार्डांवरून, कृतीतून शिकायची पद्धत) शिकलेल्या मुलांना कार्डं हाताळायची सवय असते, त्यामुळे सूचना देण्यात वेळ जात नाही.

नमुन्याची गोष्ट पाठ्यपुस्तकातली घेऊ नका. त्या धड्याचे प्रश्न आणि उत्तरं मुलांना आधीच ठाऊक असतात. गोष्ट शंभर-सव्वाशे शब्दांची असावी, म्हणजे एका नजरेत मावते आणि तीन-चार वेळा वाचली तरी कंटाळा येत नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागात कुंभारकाम जुनं आहे, म्हणून ही गोष्ट तिथली:

*दिवाळीला बारा दिवस होते. अंगणात दोनशे पणत्या वाळत घातलेल्या. 'ढग आले तर आत घे,' असं सांगून आप्पा आणि आई खानापूरच्या बाजाराला गेले.*

*दुपारी शाळेच्या मैदानावरून कबड्डीचा आवाज आला. सखूनं आभाळाकडं बघितलं. लख्ख ऊन होतं. ती गेली.*

*दुसरा डाव सुरू होताना पहिला थेंब तिच्या नाकावर पडला. ती पळत सुटली. अंगणात पोचेपर्यंत पणत्यांच्या कडा बसल्या होत्या आणि मधोमध लाल पाणी साचलं होतं.*

*शेजारची गंगाक्का दारात उभी होती. 'गुरं शिरली म्हणून सांग की. कोण बघालंय?'*

*सखू काही बोलली नाही. तिनं सगळा चिखल घमेल्यात भरला, पडवीत ओतला, पाय धुतले आणि तुडवायला लागली.*

*दिवेलागणीला आप्पा आले. अंगण रिकामं होतं.*

*'पणत्या आत घेतलीस काय?'*

*'नाही,' सखू म्हणाली. तिचे पाय थांबले नाहीत.*

पहिली तासिका: कथानक

गोष्ट एकदा न थांबता वाचा. दुसऱ्यांदा मुलांना वाचू द्या. 'यातून काय बोध घ्याल?' हा प्रश्न आज विचारायचाच नाही. विचारायचं ते एवढंच: पुढं काय होईल असं कुठल्या ओळीला वाटलं? बहुतेक मुलं 'ती गेली' या दोन शब्दांवर बोट ठेवतात. तिथं पेन्सिलीची खूण करायला सांगा, पुढं ती उपयोगी पडते.

आता प्रत्येक गटानं आठ कार्डांवर आठ घटना लिहायच्या, एका कार्डावर एक: आप्पा पणत्या सखूवर सोपवून जातात, कबड्डीचा आवाज येतो, सखू आभाळ बघून जाते, पाऊस येतो, पणत्या विरघळतात, गंगाक्का थाप सुचवते, सखू माती तुडवायला घेते, आप्पा विचारतात आणि ती 'नाही' म्हणते. कार्डं पिसून शेजारच्या गटाला द्या. क्रम लावायला पाच मिनिटं पुरतात.

क्रम लावणं म्हणजे कथानक नव्हे, आणि हे इथंच दाखवता येतं. दोन कार्डांच्या मध्ये कुठला शब्द बसतो ते मुलांनी बोलून बघायचं: 'आणि मग', 'त्यामुळे' की 'पण'? 'आभाळ बघून गेली, पण पाऊस आला. त्यामुळे पणत्या विरघळल्या.' जिथं नुसतं 'आणि मग' बसतं तिथला सांधा ढिला. चांगल्या गोष्टीत असे सांधे एक-दोनच असतात. मुलांच्या पहिल्या लिखाणात बहुतेक सगळेच तसे असतात.

इथं आपल्या भागापुरती एक खबरदारी. पुस्तकी पद्धतीनं ही परीक्षा 'म्हणून' हा शब्द घेऊन केली जाते. बेळगावकडच्या बोलीत 'म्हणून' कारणासाठी येतो तसा सांगण्यासाठीही येतो: 'उद्या येतो म्हणून सांगितला', 'गुरं शिरली म्हणून सांग की'. कन्नडच्या शेजारानं आलेली ही वळणं आहेत. मुलांना 'म्हणून' सगळीकडंच बसतो असं वाटतं आणि परीक्षा फुकट जाते. म्हणून 'त्यामुळे' वापरा.

नंतर कार्डं काढायला लागा. तिसरं कार्ड काढा, म्हणजे सखू आभाळाकडं न बघताच पळाली. मुलं सांगतात, मग ती नुसती बेफिकीर ठरते. एकदा वर बघितल्यामुळे तिची चूक आपल्याला आपली वाटते. पहिलं कार्ड काढा. पाऊस आला, पणत्या गेल्या, यात सखूचा संबंध काय? कुणीतरी तिच्यावर काम सोपवलं होतं, एवढ्या एका गोष्टीनं पुढचं सगळं तिच्या अंगाला येतं. शेवटी एका कोऱ्या कार्डावर 'सखूच्या मामाचं पत्र आलं' असं लिहून मध्ये घाला. ते कुठल्याच कार्डाला 'त्यामुळे'नं जोडता येत नाही. मुलं हसतात, पण तासिकाभर शिकवलेलं त्या हसण्यात पक्कं होतं. आता फळ्यावर लिहा: कथानक.

चढ, शिखर, उतार असं डोंगराचं चित्र काढायचं असेल तर काढा, मात्र चढ लांब आणि उतार आखूड काढा. दोन्ही बाजू सारख्या काढल्या की मुलं शेवट ताणत बसतात. शिखर कुठलं, 'सखू काही बोलली नाही' की 'नाही'? यावर वर्गात वाद होऊ द्या. दोन्ही बाजूंनी गोष्टीतली ओळ दाखवून बोलता येतं आणि ओळ दाखवून बोलायची सवय लागणं हे उत्तर मिळण्यापेक्षा मोलाचं.

दुसरी तासिका: पात्र

'सखू कशी आहे?' प्रामाणिक, कष्टाळू, चुकार, अशी उत्तरं येतील. लगेच विचारा: हे कुठं लिहिलंय? गोष्टीत सखूबद्दल एकही विशेषण नाही. मग सखूची क्रियापदं अधोरेखित करायला लावा: बघितलं, गेली, पळत सुटली, बोलली नाही, भरला, ओतला, धुतले, तुडवायला लागली. पात्र या शब्दांत आहे. ते उलटं करूनही दाखवा. 'सखू अतिशय प्रामाणिक मुलगी होती' हे वाक्य गोष्टीच्या सुरुवातीला जोडून पुन्हा वाचा. शेवटच्या 'नाही'ची हवाच निघून जाते, कारण ती काय म्हणणार ते आधीच कळलेलं असतं.

उरलेली वीस मिनिटं सरावाला. एका माणसाबद्दल सहा वाक्यं, विशेषणाला बंदी. माणूस आसपासचा हवा: शहापूर-वडगावात मागासाठी कांड्या भरणारी आजी, निपाणीत विड्या वळणारी काकू, संकेश्वरकडं ऊसतोडीला आलेल्या टोळीतलं पोरगं, गावच्या एसटीचा कंडक्टर. मुलं हमखास दिनक्रम लिहितात: 'आजी सकाळी लवकर उठते. मग चहा पिते.' याला उपाय आहे. त्या माणसाला एक गरज द्या आणि वेळ कमी द्या. 'आजीला चष्मा सापडत नाही आणि मालक कांड्या न्यायला दारात आलाय.' आता तीच मुलं वेगळं लिहितात.

तिसरी तासिका: स्थळ-काळ आणि संघर्ष

'वातावरण' म्हटलं की निबंधाचं ओझं खाली येतं: हिरवेगार डोंगर, झुळझुळ वाहणारे झरे, किलबिल करणारे पक्षी. ते थांबवायचं तर स्थळ बदलून बघा. हीच गोष्ट अथणीकडच्या कोरड्या पट्ट्यात नेली तर? तिकडं पावसाची वाट बघणारीच माणसं जास्त, थेंब पडला की आप्पा पणत्यांचं दुःख करतील की शेताकडं बघतील? आणि ऐन जुलैत कणकुंबीला नेली तर? दिवसदिवस उघडीप नाही, अंगणात पणत्या वाळत घालणारच कोण? एकाच जिल्ह्यातली तिन्ही ठिकाणं, पण गोष्ट एकाच ठिकाणी, एकाच महिन्यात घडू शकते. स्थळ-काळ म्हणजे मागचा पडदा नाही, तो घटना घडवतो.

काळाचा आकडाही तपासा. 'बारा दिवस' खोडून 'दोन दिवस' लिहा. लहान पणत्या वाळायला काही दिवस आणि भट्टीला आणखी एक, एवढा वेळ लागतो. बारा दिवस आहेत तोवर माती पुन्हा तुडवण्यात अर्थ आहे. दोनच उरले असते तर सखूचं तुडवणं नुसतं प्रायश्चित्त झालं असतं. कच्ची माती विरघळली तरी पुन्हा मळता येते, भाजलेली येत नाही. पणत्या भाजलेल्या असत्या तर पावसानं काहीच बिघडलं नसतं आणि गोष्टही झाली नसती. वर्गात कुंभाराच्या घरचं मूल असेल तर हे त्याच्याकडून वदवा. त्या दिवशी वर्गाचा मास्तर तोच.

संघर्ष विचारला की सगळा वर्ग एका सुरात 'सखू आणि पाऊस' म्हणतो. खोडून काढू नका. गंगाक्काचं वाक्य बोटानं झाका आणि गोष्ट पुन्हा वाचा. पाऊस तसाच, पणत्या तशाच गेलेल्या, तरी शेवट सपाट होतो. थाप मारायची वाट समोर आल्यावरच 'नाही' म्हणणं जड जातं. पाऊस संपल्यावर सखूचा खरा झगडा सुरू होतो, आणि तो स्वतःशीच. माणूस-निसर्ग, माणूस-माणूस, माणूस-समाज, माणूस-स्वतः हे चार प्रकार यानंतर दोन मिनिटांत सांगून होतात. त्यावर जास्त वेळ घालवू नका.

चौथी तासिका: कोण सांगतंय?

वर्गाचे तीन भाग करा. पहिल्यानं गोष्ट सखूच्या तोंडून सांगायची, दुसऱ्यानं गंगाक्काच्या, तिसऱ्यानं आप्पांच्या. आठच वाक्यं. वीस मिनिटांनी एकेक वाचून घ्या आणि बाकीच्यांनी एकाच गोष्टीवर कान ठेवायचा: सांगणाऱ्याला जे ठाऊक असणं शक्य नाही ते त्यानं सांगितलं का? आप्पांच्या गोष्टीत कबड्डी आली की अडवा. आप्पा तर बाजारात होते. त्यांच्या गोष्टीची सुरुवात रिकाम्या अंगणापासूनच होणार. गंगाक्काला सखू का गेली ते माहीत नाही, तिनं फक्त पोरीला पळत येताना बघितलं. असं वाचताना मुलांना कळतं की निवेदक बदलला की गोष्टीचा तुकडाच वेगळा हाती येतो.

नेहमीची चूक म्हणजे 'सखू' म्हणून सुरू झालेली गोष्ट मध्येच 'मी'वर घसरते. शेजाऱ्यानं वहीतल्या 'मी, मला, माझा'भोवती गोल काढायचा आणि पात्राच्या नावाभोवती चौकोन. एकाच पानावर गोल आणि चौकोन दोन्ही एकाच माणसासाठी दिसले की चूक आपोआप सापडते. शिक्षकानं लाल पेन उचलायची गरज नाही.

पाचवी तासिका: संवाद, भाषा, आशय

सीमाभागातल्या वर्गात सगळ्यात जास्त घोळ भाषेचा होतो आणि सगळ्यात जास्त माल मिळतो तोही तिथंच, म्हणून या तासिकेला घाई करू नये. गरज पडली तर दोन द्या.

'पणत्या आत घेतलीस काय?' हे वाक्य फळ्यावर लिहा. प्रमाण मराठीत 'पणत्या आत घेतल्यास का?' होईल. क्रियापद पणत्यांप्रमाणे चालतं. आपल्याकडं ते काम करणाऱ्याप्रमाणे चालतं: 'मी भाकरी खाल्लो', 'मी पुस्तक वाचलो', 'ती काम केली'. मूल घरी असंच बोलतं, त्यामुळे गोष्टीत 'सखू चिखल गोळा केली' येणारच. शिक्षक ते वाक्य लाल करतात. मग मूल घाबरून आप्पांच्या तोंडी 'पणत्या आत घेतल्यास का बाळा?' घालतं आणि गोष्टीतला आप्पा पुण्याचा होतो.

नियम एवढाच द्या: निवेदनाची भाषा लेखकाची, ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच. संवादाची भाषा ज्याची त्याची. निवेदन प्रमाण मराठीत असेल तर 'सखूनं चिखल गोळा केला'. अवतरणचिन्हांच्या आत मात्र 'कोण बघालंय' राहील, 'काय करालास' राहील, 'जाऊ या की' मधला 'की'ही राहील. सखूनं स्वतः सांगितलेली गोष्ट असेल तर सबंध गोष्ट बोलीत चालते, अट एकच, ती मध्येच प्रमाण होता कामा नये. उत्तरपत्रिकेत मात्र निवेदन प्रमाण भाषेत ठेवायला सांगा. तिथं तपासणारा अनोळखी असतो.

दुसरा घोळ याच्या उलट आहे. बोलीत लिहा म्हटलं की मुलं मालिकांतली 'गावाकडची' भाषा आणतात, प्रत्येक वाक्यात 'हाय' आणि 'न्हाय'. खानापूरच्या पश्चिमेकडच्या जंगलपट्ट्यातलं बोलणं कोकणीकडं झुकतं, निपाणीचं कोल्हापूरकडं, बेळगाव शहरातलं आणखी वेगळं. घरचा अभ्यास असा द्या: आज संध्याकाळी घरात कानावर पडलेली पाच वाक्यं जशीच्या तशी लिहून आणा, कोण कुणाला म्हणालं ते बाजूला लिहा. दुसऱ्या दिवशी वाक्यं वाचायची, वर्गानं वय आणि नातं ओळखायचं. आजी नातवाला म्हणते ते आणि सून सासूला म्हणते ते वेगळं ऐकू येतं. संवादाचं काम माणूस ओळखू येण्याचं आहे. नुसती माहिती देणारा संवाद ('अगं सखू, तुला माहीतच आहे की आपण कुंभार असून दिवाळीला बारा दिवस आहेत') काढून टाकायचा.

कन्नडचं काय? जिथं माणूस कन्नड बोलेल तिथं बोलू द्या. बसमध्ये कंडक्टर 'मुंद होग्री, मुंद होग्री' म्हणतो आणि माणसं पुढं सरकतात. माणसं सरकली की अर्थ कळला, कंसात भाषांतर लिहायचं कारण नाही. पण चार-पाच कन्नड वाक्यं सलग आली तर वाचक अडकतो. पहिले दोन शब्द कन्नड ठेवून पुढं 'त्यानं कन्नडातच विचारलं' एवढं पुरतं.

तासिकेची शेवटची दहा मिनिटं आशयाला. विषय एका शब्दात, आशय एका वाक्यात. वाक्यावर एक बंदी: 'नये', 'पाहिजे' आणि 'करावे, बोलावे' असली रूपं चालणार नाहीत. 'खोटे बोलू नये' बाद झालं की मुलं थोडा वेळ गप्प होतात, मग कुणीतरी म्हणतं, 'चूक सांगण्याआधीच सखूनं ती निस्तरायला घेतली.' हे आशयाच्या जवळ आलं. बोधकथा वाईट नाही, तिचं काम वेगळं आहे. लघुकथेत तात्पर्य वाचकाच्या मनात उरतं, वहीत नाही.

लिहिण्याच्या तीन तासिका

बीज शोधायचा अभ्यास दोन दिवस आधी द्या. प्रश्न नेमका ठेवा: गेल्या वर्षात तुमच्या घरी किंवा गल्लीत काय हरवलं, मोडलं, सांडलं किंवा कुणी लपवलं? 'तुमच्या आवडीच्या विषयावर गोष्ट लिहा' म्हटलं की राजा आणि राक्षस येतात. लक्ष्मी यात्रेत चुकलेलं पोर, रोपलावणीच्या दिवशी न आलेला ट्रॅक्टर, रेशन दुकानात बोट न जुळलेला आजोबा, यात्रेसाठी शिवलेल्या कपड्यावर सांडलेला चहा, असलं काही हाती लागलं पाहिजे. खऱ्या माणसांची नावं, गल्ली आणि भांडणाचं कारण बदलायला सांगा. गाव लहान असतं, गोष्ट घरी पोचते.

मर्यादा कडक ठेवा: पात्रं तीनपर्यंत, काळ एका दिवसाच्या आत, जागा जास्तीत जास्त दोन, शब्द अडीचशे ते तीनशे. पंधरा वर्षांची कहाणी एका पानात बसवायला गेलं की तिचा सारांश होतो.

पहिली तासिका कच्च्या लेखनाची. लिहिण्याआधी एक वाक्य भरून घ्या: '____ला ____ हवं असतं, पण ____, त्यामुळे ____.' हे वाक्य भरता आलं नाही तर गोष्ट अजून तयार नाही, त्या मुलाशी दोन मिनिटं बोला. मग पस्तीस मिनिटं लिहू द्या. खोडरबर दप्तरात. शुद्धलेखन विचारायला उठायचं नाही, शंका आली तर शब्दाखाली रेघ मारून पुढं जायचं.

दुसऱ्या तासिकेत हातानं पहिला परिच्छेद झाका आणि दुसऱ्यापासून वाचा. दहापैकी सहा-सात वह्यांत गोष्ट खरी तिथंच सुरू होते, पहिला परिच्छेद लेखकानं हात मोकळा करायला लिहिलेला असतो. त्यातला लागणारा एखादा तपशील खाली उतरवून बाकीचा कापा. मग शेवटची दोन वाक्यं झाका. 'अशा प्रकारे रमेशला आपली चूक कळली' तिथंच लपलेलं असतं. कापायला मुलं तयार होत नाहीत, कष्टानं लिहिलेलं असतं. फाडायला लावू नका, नुसती पेन्सिलीची चौकट करायला सांगा आणि जोडीदाराला दोन्ही तऱ्हेनं वाचून दाखवू द्या. निर्णय जोडीदाराचा नाही, लेखकाचाच.

तिसऱ्या तासिकेत संवाद मोठ्यानं वाचणं, गोल-चौकोनाची तपासणी आणि शुद्धलेखन. ऱ्हस्व-दीर्घ, अवतरणचिन्हं, नवीन माणूस बोलला की नवीन ओळ. शीर्षक सर्वांत शेवटी. 'सखूचा प्रामाणिकपणा' हे शीर्षक निकाल आधीच सांगतं. 'घमेलं' सांगत नाही.

गुण वीसपैकी द्यायचे तर असे वाटा: घटनांची कारणसाखळी सहा, पात्र कृतीतून दिसणं चार, स्थळ-काळ तीन, संवाद तीन, निवेदकाची सुसंगती दोन, लेखनशुद्धी दोन. शुद्धलेखनाला दोनच का, असं पालक विचारतील. शुद्धलेखनाला इतर सगळ्या उत्तरांत गुण आहेत, गोष्टीला इथंच आहेत.

खानापूर तालुक्यातल्या बऱ्याच लहान शाळांत दोन इयत्ता एका खोलीत बसतात. तिथं कार्डं तीच ठेवा, काम वेगळं द्या. धाकट्यांनी क्रम लावायचा, थोरल्यांनी मधले 'त्यामुळे' आणि 'पण' लिहायचे. लेखनात धाकट्यांनी एकच प्रसंग दहा ओळींत लिहायचा. थोरल्यांना धाकट्यांचे जोडीदार करू नका, ते गोष्ट स्वतःच लिहून टाकतात.

वाचून आणि सांगून दाखवणं

शेवटच्या तासिकेत सगळ्यांच्या गोष्टी होत नाहीत, पाच-सहाच होतात. उरलेल्या परिपाठाला रोज एक लावा. प्रतिभा कारंजीत (कर्नाटकातल्या शालेय कलास्पर्धांत) कथाकथनाला मुलं उतरवायची असतील तर निवड इथूनच करता येते. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत थंडीत ग्रामीण साहित्य संमेलनं भरतात, त्यांत कथाकथनाचं सत्र असतं. मुलांना घेऊन गेलात तर हातात एक चिठ्ठी द्या: निवेदक कुठं थांबला, आवाज कुठं खाली आणला, लोक कुठं हसले. टाळ्या किती पडल्या ते लिहायला सांगू नका.

लिहिलेली गोष्ट सांगायला घेतली की मुलं ती पाठ करतात आणि एक शब्द विसरला की पुढचं सगळं जातं. पाठ करायची ती फक्त पहिली दोन आणि शेवटची दोन वाक्यं. मधलं आठ कार्डांवरून सांगायचं, कार्डं खिशात राहिली तरी हरकत नाही. तीनशे शब्दांची गोष्ट सावकाश सांगितली तर तीन मिनिटांच्या आसपास होते, घाईत दीडमध्ये संपते. संवादाला आवाज बदलायची गरज नाही, मान वळवली तरी पुरते. आणि 'पणत्या आत घेतलीस काय?' झाल्यावर, सखूच्या 'नाही'आधी, मनात तीन आकडे मोजायला सांगा. भिणारी मुलं एकावरच उरकतात.